सात वाव पाण्यावरची खूण

आमच्या घरात भरती-ओहोटीचं कोष्टक नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे आणि पडवीत बाबा आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मला शाळेत जायच्या आधीपासून येतं. शाळेत पाऊणकी शिकवत नव्हते, आमच्या पडवीत शिकवत होते.

२०२३ च्या मे महिन्यातला तो दिवस, वैशाख वद्य एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला पाणी भरणार, मग सुकायला लागणार आणि अडीचच्या आगेमागे पुरती ओहोटी. हे गणित काट्यावर बसत नाही. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत पंचेचाळीसच धरलेली असतात. शिवाय वारा आणि नदीचं पाणी आपापलं काही तरी त्यात घालतात. पण होडी कधी काढायची हे ठरवायला तेवढं पुरतं.

पहाटे साडेचारला मी डब्यात जिग मोजून भरत होतो.

"पावणे किती?" बाबांनी विचारलं.

"तीन. त्यात एक चेडू."

"वारो?"

"अजून मतलई."

बाबांनी मान हलवली. आतून आई म्हणाली, "आज एकादशी. सगळे सोडलंस तरी चलतला."

माझ्या धंद्यातली एक गोष्ट आईला अजून पचलेली नाही. माणसं इतका खर्च करून येतात, मासा पकडतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. एकादशीला मात्र तिचं आणि पाहुण्यांचं मत जुळतं.

आमचं गाव देवबाग. कर्ली नदी समुद्राजवळ आली की लगेच त्याला भेटत नाही, बराच वेळ शेजारून चालत राहते. तिच्या आणि दर्याच्या मध्ये जी वाळूची आणि माडांची चिंचोळी पट्टी उरली, ती देवबाग. पश्चिमेच्या दारातून दर्या दिसतो, मागच्या दारातून खाडी. हौसेनं मासे पकडायला येणाऱ्याला याचा फायदा असा की एका सकाळी दोन पाणी मिळतात. भरतीला बाहेर पाण्याखालच्या खडपावर जायचं, ओहोटी लागली की आत खाडीत. मेमध्ये अकरानंतर वायव्येचा वारा उठतो आणि लाटांची टोकं पांढरी व्हायला लागतात, त्याच्या आत घरी परतायचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटनाच्या होड्या बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीलाही बंदी, ६१ दिवस. त्यामुळे मेचा मधला आठवडा म्हणजे आमच्या दुकानाचा शेवटचा बाजार.

मी लहानपणी बाबांबरोबर रापण ओढलेला माणूस. रापणीत सगळं गाव दोराला लागतं आणि मासा आला की वाटे पडतात. एकेका माशाची तिथे कुणी विचारपूस करत नाही. पुढे चार हंगाम मी गोव्यात एका बोटीवर खलाशी होतो. तिथे परदेशी पाहुणे यायचे आणि काडीसारख्या रॉडनं मासे पकडायचे. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर एका पाहुण्यानं रॉड माझ्या हातात दिला, पलीकडे दीड-दोन किलोची कोकर होती. अख्खी रापण ओढताना हाताला जे कळलं नव्हतं ते त्या दोन किलोंनी कळवलं. मासा मान कशी झाडतो, कधी वळतो, कधी थकल्याचं सोंग घेतो, सगळं मनगटापर्यंत येत होतं.

तेव्हापासून माझ्या होडीत जाड दोर नाही. सात फुटी रॉड, तळहाताला झेपेल असं रील आणि शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, विणलेली वीस पौंडी लाइन. टोकाला दीड वाव पारदर्शक लीडर, कारण खडपाच्या धारेवर विणलेला दोरा टिकत नाही. त्याला तीस ग्रॅमची शिशाची चकचकीत जिग. रीलमध्ये ड्रॅग असतो. माशानं ठरावीक ताणापलीकडे ओढलं की रील आपण होऊन दोरा सोडतं. हा ताण दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. वीस पौंडी दोऱ्याला पाच-सहा पौंड. पाहुणे तो अंदाजानं पिळतात, मी मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा लावून बघतो. ताण जास्त ठेवला तर दोरा तुटतो. कमी ठेवला तर मासा खडपात शिरतो आणि मग तिथे तुटतो.

पाच वाजता कोल्हापूरचे डॉक्टर आले. बरोबर त्यांचा मेहुणा आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. मेहुण्याकडे नवाकोरा डबा होता, आत वीस-पंचवीस ल्युअर म्हणजे खोटे मासे, एकेकाचा रंग दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा. मला त्यांनी 'कॅप्टन' म्हटलं. बहुतेक पाहुणे पहिली दहा मिनिटं कॅप्टन म्हणतात. लाइफ जॅकेटचे पट्टे मी आवळायला लागलो की 'दादा' होतो.

"फोन इथे ठेवा," मी झाकणाचा डबा पुढे केला. "तुषार उडतात. खारं पाणी आत गेलं की फोन गेला. फोटो मी काढीन, माझा फोन पाण्याचा आहे."

दोघांनी फोन दिले. खाऱ्या पाण्याचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं.

खरं कारण सांगायचं तर चार-पाच वर्षं मागे जावं लागेल. एक पाहुणे आले होते, शहरातले, बोलायला गोड. सकाळभर मासे लागले, जाताना त्यांनी माझ्या हातात वर पाचशे रुपये ठेवले. दुपारी होडी धुताना लक्षात आलं की प्रत्येक जागी थांबल्यावर ते फोन बाहेर काढत होते आणि त्यांनी फोटो एकही काढला नव्हता. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाची तरी होडी बरोबर त्याच खडपावर उभी दिसली. पुढे कुणी तरी तिथे जाळं टाकलं. ते खडपात अडकलं आणि कापून तिथेच सोडून दिलं गेलं. ते आजही तिथे आहे. माझ्या जिग त्यात अडकतात आणि खेकडे त्यात अडकून मरतात.

वाळूवरची जागा कळली तर फारसं बिघडत नाही, मासा फिरता असतो. खडपाचं तसं नाही. गोबरा एकदा कपार धरून बसला की वर्षानुवर्षं तिथेच. तो मादी म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे खडपावरचे मोठे दोन-तीन गोबरे उचलले की त्या घरातले कर्तेच उचलले. रिकामं झालेलं खडप पुन्हा भरायला किती वर्षं लागतात ते मी मोजतोच आहे.

साडेपाचला संगमावरची वाळू सांभाळून बाहेर पडलो. मागे माडांच्या वर एकादशीची बारीक कोर होती. आमच्या किनाऱ्यावर सूर्य जमिनीच्या बाजूनं उगवतो. त्यामुळे पहाटे समुद्रावरून बघितलं की किनारा शाईनं काढल्यासारखा काळा दिसतो, मागे उजेड. माड, डोंगर, देऊळ, सगळ्यांच्या कडा सुट्या होतात. संध्याकाळी याच गोष्टी उन्हात एकमेकींत मिसळतात. खुणा धरायला पहाट बरी असते ती यासाठी.

खूण म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. समुद्रावर पाटी लावता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरायच्या, एक जवळची, एक लांबची. होडी सरकते तशी जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून सरकते. त्या दोन एकावर एक आल्या की तुम्ही एका रेषेवर आहात. मग दुसऱ्या दिशेला अशाच आणखी दोन वस्तू. दोन रेषा जिथे कापतात तिथे खाली खडप.

बाबांची खूण अशी होती: देवळामागचा एकटा उंच माड खाडीपलीकडच्या डोंगराच्या खाचेत आणायचा, आणि दक्षिणेला निवतीच्या टोकापासून एक खडक सुटा दिसायला लागला की थांबायचं. खाली सात वाव पाणी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून मावेल एवढा दोर, सहा फूट. (खुणा मी इथे थोड्या बदलून लिहिल्या आहेत. बाबा चष्मा लावून सगळं वाचतात.)

ही खूण त्यांनी मला तोंडानं कधीच सांगितली नाही. मी अकरा-बारा वर्षांचा असताना त्यांनी होडी थांबवली, शिसं बांधलेला दोर खाली सोडला आणि माझ्या हातात दिला. चिखलावर शिसं बुडाल्यासारखं बसतं, वाळूवर मऊ टेकतं, खडपावर टणकन वाजतं. आवाज कानाला येत नाही, बोटांना येतो. बोटांना तो आला आणि मी वर बघितलं. बाबा एवढंच म्हणाले, "बघून ठेव." काय बघायचं ते सांगितलं नाही. चारी बाजूंना समुद्र, किनाऱ्यावर हजार माड. त्यातला कुठला ते कळायला मला दोन हंगाम लागले.

मग १६ मे २०२१ आली. रविवार होता, लॉकडाउन होता आणि तौक्ते वादळ आमच्या समोरून उत्तरेकडे गेलं. गावातले माड एकामागून एक मोडताना रात्रभर ऐकले. किती तरी दिवस वीज नव्हती. सकाळी लोक घरांची कौलं शोधत होते, मी देवळामागे गेलो. बाबांचा माड मुळासकट आडवा झाला होता. त्याच्या शेंड्यापर्यंत पहिल्यांदाच चालत गेलो.

पाऊस संपल्यावर त्या खडपावर जायला निघालो तर जागा हरवलेली. तुम्ही विचाराल, जीपीएस नव्हता का? होता. त्यात ती जागा नव्हती, मुद्दामच घातली नव्हती. यंत्र दुरुस्तीला जातं, विकलं जातं, दुसऱ्याच्या हाती लागतं. माड कुणाच्या हाती लागत नाही, असा माझा समज. दक्षिणेची रेषा शाबूत होती. त्या रेषेवरून पुढे-मागे होडी फिरवत, फिशफाइंडरच्या पडद्याकडे बघत मी दोन सकाळी घालवल्या. खडप घराएवढं आणि समुद्र समुद्राएवढा. तिसऱ्या सकाळी पडद्यावर तळ उचलला गेला. खात्रीसाठी शिसं सोडलं, बोटांना टणक लागलं. लगेच किनाऱ्याकडे बघितलं. खाच होती तिथेच होती. तिच्यासमोर माडाच्या जागी मोबाइलचा टॉवर उभा होता.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशार धरलंस?" मी म्हटलं, "टॉवरार." ते बराच वेळ हसत होते. त्या हसण्याचा अर्थ मी विचारला नाही.

एकादशीच्या त्या पहाटे टॉवर खाचेत आणून मी इंजिन बंद केलं. होडी वाहती सोडली. खडपावर मी नांगर टाकत नाही. वर वारा, खाली भरतीचा ओढा, या दोघांच्या भांडणात होडी खडपावरून तिरकी सरकते, तेवढ्यात जिग खाली सोडायची. तळाला टेकली की लगेच उचलायची, नाही तर ती जुन्या जाळ्यात अडकते. दोन उड्या, जरा थांबणं, पुन्हा दोन उड्या. मासा बहुतेक वेळा थांबण्यावर घेतो, जिग आजारी माशासारखी हेलकावत खाली पडत असते तेव्हा.

पहिल्या फेरीत डॉक्टरांना एक लहान गोबरा लागला. रॉड वाकल्याबरोबर त्यांनी रील फिरवायचं सोडून दोन्ही हातांनी रॉड छातीशी धरला, जसा कुणी तरी तो हिसकावून घेणार आहे. वर आणला, हात ओले करून धरला, सोडला. माशाला पाण्याबाहेर किती वेळ ठेवायचं याचा माझा नियम सोपा आहे: धरणाऱ्यानंही श्वास धरायचा. डॉक्टरांना तो फार आवडला. मेहुण्याला विसाव्या सेकंदाला खोकला आला.

होडी खडपावरून पुढे वाहत गेली, मी फेरा मारून परत आणली. दुसरी फेरी. मुलीला काही लागत नव्हतं. तिनं जिग वर घेतली आणि रॉड मांडीवर ठेवून बसली. मला वाटलं, कंटाळली. बारा वर्षांच्या मुलांना मासा नसलेला समुद्र फार मोठा वाटतो.

तिसऱ्या फेरीला मी इंजिन बंद केलं तसं ती म्हणाली, "दादा, तो टॉवर त्या खाचेत शिरला की तुम्ही इंजिन बंद करता ना?"

मी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बापाकडे. बाप जिग खाली-वर करण्यात गुंग होता.

"कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. तिन्ही वेळेला तसंच झालं."

फोन डब्यात होते. डब्याचं झाकण लागलेलं होतं. माझी खूण समोर बसलेल्या पोरीनं नुसत्या डोळ्यांनी उचलली होती, आणि मला राग यायला हवा होता. आला नाही. मला आठवलं ते माझ्या हातातलं शिसं आणि दोन हंगाम शोधलेला माड. तिला तीन फेऱ्या लागल्या होत्या.

"अर्धं बरोबर," मी म्हटलं. "एका रेषेनं जागा ठरत नाही. त्या रेषेवर तू सरळ कराचीपर्यंतसुद्धा जाशील. थांबायचं कुठे?"

ती विचारात पडली. चौथ्या फेरीला तिनं रॉड हातात घेतलाच नाही. नाळेवर तोंड करून बसली आणि मान डावीकडे, उजवीकडे. आधी तिनं एक लाल छप्पर धरलं. मी म्हटलं, छप्पर उद्या कुणी निळं करील. मग एक उभी केलेली होडी धरली आणि स्वतःच नको म्हणाली, "ती तर हलेल." पाचव्या फेरीला ती दक्षिणेकडे बघत होती. टोकापासून खडक सुटायला लागला, मधे पाण्याची पांढरी फट दिसली.

"आता," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. माझ्यापेक्षा ती एक-दोन वाव लवकर थांबवत होती. पण भरतीचा ओढा मंदावला होता आणि वारा नव्हता, त्यामुळे तीच जास्त बरोबर निघाली. तिनं जिग सोडली, टेकली, उचलली, आणि रॉड गप्पकन खाली गेला.

कोकर होती. लहानच, किलोभराची असेल. पण किलोभराची कोकर बारा वर्षांच्या हाताला बैलगाडी लागल्यासारखी वाटते. ड्रॅग किर्र किर्र करत दोरा सोडत होता. मेहुणा ओरडत होता, "ओढ, ओढ!" मी म्हटलं, "तो पळतोय तेव्हा पळू दे. थांबला की दोन फेरे घे. परत पळाला की परत थांब." तिनं ते इतकं मन लावून केलं की मासा होडीशी आला तेव्हा तिच्या ओठावर दात उमटले होते. रुपेरी, अंगावर पिवळसर झाक, शेपटीजवळ करकरीत खवले. तिनं हात ओले केले, श्वास धरला, मासा धरला. मी फोटो काढला. मग तिनं हात पाण्यात नेऊन उघडले.

सव्वाआठला पाणी भरलं. खडपावरचा ओढा थांबला आणि मासेही थांबले. आम्ही आत खाडीत वळलो.

खाडीत गणित उलटं असतं. भरतीला बारके मासे आणि कोळंबी कांदळवनाच्या मुळांत शिरतात. ओहोटी लागली की पाणी त्यांना बाहेर काढतं, आणि बाहेर दगडाआड तांबोशी उभी असते. इथे जिग नाही, ल्युअर फेकायचा, आणि तो दगडाच्या वीतभर जवळ पडला पाहिजे. हातभर लांब पडला तर तांबोशी बघणारही नाही. फार जवळ पडला तर ल्युअर मुळांत.

मेहुण्यानं आपला कंदिलाच्या रंगाचा ल्युअर लावला आणि मागे न बघता रॉड मागे नेला. पुढचं मला आवाजानंच कळलं, कारण फेक झाली नाही. ल्युअरची तीन काट्यांची गरी माझ्या डाव्या हातात, कोपराखाली, पार आतपर्यंत बसली होती.

चूक माझीच. होडीतल्या सगळ्या गऱ्यांचे उलटे काटे मी सांडशीनं दाबून ठेवतो. मासा पटकन सुटावा म्हणून आणि माणूसही. पाहुण्यांच्या डब्यातल्या गऱ्या तपासल्या नव्हत्या.

डॉक्टर एकदम डॉक्टर झाले. "हलवू नका. मालवणला जाऊ, भूल देऊन काढू."

"तुम्ही फक्त इथे दाबून धरा," मी म्हटलं. ल्युअर आधी कापून वेगळा केला. जाड दोऱ्याचा एक फास गरीच्या वाकणात घातला. डॉक्टरांना गरीचा डोळा कातडीला सपाट दाबून धरायला लावला. असं दाबलं की उलटा काटा मांसातून सुटतो. मग उजव्या हातानं फासाला सरळ मागे एक झटका. गरी उडून होडीच्या तळाशी पडली. रक्ताचे दोन थेंब आले. खारं पाणी नको, बाटलीतलं गोडं पाणी ओतलं. डॉक्टरांनी जखम बघितली, गरी बघितली, पुन्हा जखम बघितली.

"हे कुठे शिकलात?"

"गोव्यात. तेव्हा चूक दुसऱ्याची होती."

"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय?"

याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून त्या दुपारी मला खरोखर मालवणला जावं लागलं. मेहुणा पुढचा अर्धा तास गरीचे काटे दाबत बसला, एकूण एक, पंचवीस ल्युअरचे.

तांबोशी एकच लागली, डॉक्टरांना. ल्युअर दगडाजवळ पडला, दोन फेरे घेतले आणि पाण्यात तांबडा झोत वळल्यासारखा दिसला. खडपावर माशाला पळू द्या म्हणणारा मी आता ओरडत होतो, "सोडू नका, रॉड वर, वर!" तांबोशीला पळायला लांब जायचं नसतं, तिचं घर चार हातांवर असतं. पहिल्या पाच सेकंदांत ती दगडाखाली शिरली तर संपलं. डॉक्टर सकाळपासून शिकल्याप्रमाणे थांबले. दोरा सैल झाला. ओढून बघितला तर लीडरचं टोक कुसळासारखं खरबरीत झालेलं.

"सकाळी म्हणालात पळू द्या," ते म्हणाले.

"ते बाहेरच्या माशाचं."

सुटली ते बरंच झालं, असं मी मनात म्हटलं. खाडीतली तांबोशी म्हणजे अजून शाळेत असलेलं पोर. ती इथे मुळांत वाढते आणि मोठी झाली की बाहेर खडपावर जाते. अंडी घालायची ती तिकडे. आत जी सुटते तीच उद्या बाहेर भेटते. निदान भेटावी.

अकराच्या सुमाराला माडांच्या झावळ्या एका बाजूला वळल्या. वायव्येचा वारा आला. आम्ही परत निघालो. पाहुण्यांना डब्यातले फोन दिले. मुलीनं फोन मागितला नाही, तिला तो नव्हताच. होडीतून उतरताना ती पुन्हा किनाऱ्याकडे वळून टॉवर बघत होती. इथून तो खाचेत नव्हता, देवळाच्या बराच डावीकडे सरकला होता. तिला ते दिसलं असावं, कारण ती मोठ्यानं हसली. बापानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही.

संध्याकाळी हाताला पट्टी बांधून पडवीत बसलो. बाबांनी पट्टीकडे बघितलं आणि विचारलं नाही. गरी लागलेला हात त्यांच्या घरात नवीन नव्हता.

"पावण्यांच्या चेडवान खूण काढल्यान," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा बदलला. "फोनार?"

"नाय. फोन डब्यात होते. डोळ्यांनी."

ते बराच वेळ गप्प होते. आई आत एकादशीची वरी शिजवत होती. बाहेर भरतीचं पाणी पुन्हा चढत असल्याचा आवाज येत होता.

"दुसरी रेघ तिना खंयची धरल्यान?"

मी सांगितलं. निवतीचं टोक, आणि खडक सुटतो ती फट. आधी छप्पर धरलं, मग होडी धरली, मग दोन्ही सोडून दिलं, हेही सांगितलं.

बाबांनी मान हलवली, पहाटे वाऱ्याचं ऐकून हलवली होती तशीच. "बरी धरल्यान," ते म्हणाले. "टॉवर कधीतरी पडतलो. टोक पडाचा नाय."

मग त्यांनी उठून कालनिर्णयावर बोट ठेवलं. उद्या द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ.